उजनीकाठचा तंबू आणि घरातला वाद

प्रश्न : सोलापूर शहरात लहानाच्या मोठ्या झालेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई लिहितात, की दिवाळीच्या सेलमध्ये त्यांनी चौघांचा तंबू मागवला. नवरा, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा यांच्यासोबत नाताळच्या सुट्टीत दोन रात्री उघड्या आभाळाखाली काढायच्या, एवढीच हौस. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची, म्हणजे मागं साठलेल्या पाण्याकाठची एक जागा मोबाइलवर पाठवली आहे, "एकदम निर्मनुष्य, कुणी विचारत नाही" अशी. ताईंचं मन तिथं बसलंय. नवऱ्याचं म्हणणं, तयार तंबू आणि बाथरूम असलेल्या ठिकाणी पैसे भरून जाऊ, नाहीतर मोहोळ तालुक्यात बहिणीचं शेत आहेच. सासूबाई म्हणतात, "जन्मभर रानात झोपलो, आता हौसेनं झोपायचं?" आणि अमावास्येच्या आसपास तर मुळीच नको. नणंदेचं शेत ताईंना नको आहे. "ते कॅम्पिंगच नाही, तिथं गेलं की मी पुन्हा चुलीपुढं." जागा कशी निवडावी आणि घरच्यांना कसं पटवावं, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ताई, उजनीकाठच्या त्या जागेचं वर्णन तुम्ही अख्ख्या पत्रात एकाच शब्दात केलंय : निर्मनुष्य. पाणी किती लांब, जमीन कसली, गाडी कुठवर जाते, सावली आहे का, यातलं काहीच पत्रात नाही. म्हणून आधी त्या शब्दाकडेच बघू.

आपल्या जिल्ह्यात माणूस दिसत नाही अशा जागा पुष्कळ आहेत. माणूस नाही अशा फार कमी. आपण ज्या माळाला मोकळा म्हणतो तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, नाहीतर गायरान असतो, नाहीतर वनखात्याचा. उजनीच्या काठाचं तर विचारूच नका. धरण 1980 मध्ये पुरं झालं तेव्हा गावंच्या गावं उठली, आणि आजही पाणी मागं सरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत लोक पेरा करतात. तुमच्या सहकाऱ्याला दुपारी रिकामी दिसलेली जागा कुणाच्या तरी गाळपेराची असेल, किंवा मासे धरणाऱ्यांची होड्या लावायची असेल.

रात्री तर वर्दळ वाढते. बऱ्याच गावांत शेतीपंपाची लाइट अजूनही पाळीनं रात्रीची येते. बारा-एकला कुणीतरी बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला येणार. डिसेंबर म्हणजे ऐन गळिताचा हंगाम, उसानं भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर जात असतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या पहाटेच फडाकडं निघतात. नदीकाठी काही ठिकाणी वाळूची वाहनं फिरतात. त्या लोकांना आपल्याकडं बघणारं कुणी आवडत नाही. आणि जिथं कुणी विचारत नाही तिथं दारू प्यायला बसणारेही हमखास पोचलेले असतात. यातला शेतकरी निरुपद्रवी, ट्रॅक्टरवाला आवाजापुरता. पण तंबूच्या कापडामागून तुम्हाला नुसता बॅटरीचा झोत दिसणार आहे. तो कुणाचा आहे हे कळणार नाही, आणि रात्रभर डोळा लागणार नाही.

उलट बाजूनंही बघा. वस्तीवरच्या माणसाला रात्री रानात अनोळखी गाडी आणि उजेड दिसला, तर त्यानं काय समजायचं? मध्यंतरी रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चांनी आपल्याकडची किती गावं जागता पहारा देत होती ते आठवा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. गाडीतून आलेल्या तुमच्या कुटुंबाच्या बाबतीत असं होईल असं मी मुळीच म्हणत नाही. पण रात्री संशयाला उत्तर देत बसण्यापेक्षा दिवसाउजेडी ओळख सांगितलेली कधीही सोपी.

म्हणून जागेचा विचार मी एका प्रश्नापासून सुरू करते : ही जागा कुणाची, आणि मी इथं झोपले आहे हे कुणाला माहीत आहे? याला दोन नावं देता आली नाहीत, एक जमिनीच्या मालकाचं आणि एक जवळच्या वस्तीवरच्या माणसाचं, तर देखावा कितीही सुंदर असो, तिथं तंबू उघडू नये. मुलं बरोबर असतील तर नाहीच नाही.

ही शहरी सावधगिरी वाटत असेल तर पोटासाठी रानात मुक्काम करणाऱ्यांकडं बघा. मेंढपाळ धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकटचा फिरता तळ, वर्षातले कित्येक महिने उघड्यावर असतो, पण तो कुणाच्याही शेतात आपला आपण उतरत नाही. शेतकऱ्याशी आधी बोलणं होतं, मेंढ्या किती रात्री बसवायच्या ते ठरतं, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे ठरतात आणि मगच मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावली जाते. आषाढातल्या दिंड्या घ्या. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे माउलींच्या पालखीचे आपल्या जिल्ह्यातले मुक्काम. दिंडीचा ट्रक दुपारीच पुढं जातो आणि ठरलेल्या रानात राहुट्या ठोकून ठेवतो. कुठली दिंडी कुणाच्या शेतात उतरते हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. उघड्यावर झोपण्यात ज्यांची हयात गेली, ते सगळे आधी माणूस गाठतात.

आता नणंदेच्या शेताकडं येते, कारण तुमचा खरा पेच मला तिथं दिसतो.

तुम्ही लिहिता, ते कॅम्पिंग नाही. पण त्या शेताचं एकही वैगुण्य तुम्ही लिहिलेलं नाही. रान चांगलं आहे, विहीर आहे, वस्तीवर माणसं आहेत, संडास आहे. तक्रार एकच, की तिथं गेलं की तुमची पुन्हा सून होते. नणंदेच्या सासरी भावजय म्हणून गेलं की पदर खोचायचा, भाकरी थापायला बसायचं, रात्री उशिरापर्यंत पाहुणेरावळे आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं. मग तंबू नुसता मुलांना खेळायला. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि पत्र लिहिणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींची आहे, विषय सहलीचा असो की सणाचा. फक्त ती जागेबद्दलची तक्रार नाही. घरातली कामं कुणी करायची याबद्दलची आहे, आणि तिच्यापासून पळायला म्हणून तुम्ही तिघांना घेऊन धरणाच्या काठावर निघाला आहात. शिवाय उजनीकाठी गेलात तरी स्टोव्ह पेटवून चहा कोण करणार आहे, हे घरात ठरलंय का?

तुमच्या मिस्टरांचंही एक ऐकून घ्या. ते खेड्यात वाढलेले. रात्रीचं रान म्हणजे त्यांच्यासाठी हिवाळ्यात गुडघाभर चिखलात उभं राहून उसाला दिलेलं पाणी. त्यातून सुटून ते शहरात आले, फ्लॅट घेतला, आणि आता बायको म्हणतेय, चला परत. बाथरूमचा आग्रह हा आळस नसावा. सासूबाईंचं वाक्यही टोमणा म्हणून ऐकू नका. रानात झोपायचा अनुभव तुमच्या घरात फक्त त्यांना, सासऱ्यांना आणि मिस्टरांना आहे. ज्यांना पटवायचं म्हणता, तुमचे वाटाडे तेच आहेत.

तर नणंदेच्या शेताच्या अटी ठरवा, आणि त्या तुम्ही बोलू नका, मिस्टरांना बोलू द्या. बहीण त्यांची आहे. फोनवर इतकंच सांगायचं : आम्ही येतोय, पण मुक्काम रानातल्या लिंबाखाली, घरात नाही. पहिल्या रात्रीचं जेवण आमचं आम्ही आणतो, धपाटी, शेंगाचटणी, दही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्याकडं जेवू, आणि त्या दिवशी स्वयंपाकाला हात मी लावेन. हे शेवटचं वाक्य मिस्टरांनी म्हणायला हवं. ते म्हणतात की नाही, यावरून बरंच काही ठरेल. तंबू घरापासून हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर, पण अंगणाच्या बाहेर. अंगणात ठोकलात तर ताई तुम्ही चुलीपुढंच जाणार, ते टळत नाही.

आणि हे बोलणं घरात शक्यच नसेल, किंवा नणंदबाईंना "आमच्या घरात राहायला कमीपणा वाटतो का" असंच ऐकू येणार असेल, तर तो नाद सोडा. नातं बिघडवून तंबूत झोपण्यात मजा नाही. मग पैसे द्या. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडं हुरड्याचा हंगाम. सोलापूरच्या आसपास, बार्शी, मंगळवेढ्याच्या बाजूला कितीतरी शेतकरी हुरडा पार्टीसाठी रान खुलं करतात. तिथं संडास असतो, पिण्याचं पाणी असतं, बायकामुलांची ये-जा असते आणि मालक जातीनं हजर असतो. बहुतेक पाहुणे संध्याकाळी परत जातात. त्यांना आधी फोन करून विचारा : आमचा तंबू आहे, रात्री राहू द्याल का, रात्री वस्तीवर कुणाचं कुटुंब असतं का? नुसता राखणदार असतो असं उत्तर आलं तर दुसरं शेत शोधा. कुटुंब राहतं असं असेल तर दर ठरवा आणि निवांत जा. पैसे दिले की पाहुणचाराचं ओझं राहत नाही. तुम्हाला हवा असलेला मोकळेपणा कदाचित इथंच सगळ्यात जास्त मिळेल.

मिस्टरांच्या तयार तंबूंबद्दल फार लिहीत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तो वाईट पर्याय नाही. जाण्याआधी दोनच गोष्टी विचारा, रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो आणि तंबू पाण्यापासून किती लांब आहेत. पहिल्याला नीट उत्तर आलं नाही तर शांततेसाठी तिथं जाऊ नका.

आता प्रत्यक्ष जागा, शेत कुणाचंही असो.

पाण्याच्या कडेला झोपायचं नाही. तुम्हाला नेमकं हेच हवंय याची कल्पना आहे, तरी सांगते. भीमेचा काठ बघून तळ ठोकायचा मोह जुना आहे. मंगळवेढ्याजवळ माचणूर-ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी 1695 पासून काही वर्षं होती, आणि 1697 च्या पावसाळ्यात भीमेच्या पुरानं त्या छावणीत हाहाकार केला. बादशहाच्या दिमतीला सगळी फौज होती, नदीनं ती जुमानली नाही. अलीकडचं हवं असेल तर ऑक्टोबर 2020 चा पाऊस आठवा, आणि सप्टेंबर 2025 ला सीना नदीनं माढा-मोहोळ भागात जे केलं ते तर मुलांनीही बघितलंय. परतीचा पाऊस आपल्याकडं सगळ्यात दांडगा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओढ्याच्या, नदीच्या जवळपास तंबूचं नावही काढू नये.

"पण आम्ही तर डिसेंबरात जाणार," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण भीमा आभाळात ढग नसतानाही वाढते. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडायचं आणि ते वाटेतले बंधारे भरत औजच्या बंधाऱ्यापर्यंत आणायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. असं सोडलेलं पाणी कुठल्यातरी वाळवंटावरून जातं. त्या वाळवंटात संध्याकाळी कोरड्यावर ठोकलेला तंबू सकाळी कोरडाच राहील याचा भरवसा नाही. वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि पोहता येणारी मुलंही त्यात फसतात. म्हणून नदीपात्र बाद.

उजनीच्या फुगवट्याचा काठ वेगळ्या कारणानं नको. उतार अगदी सपाट, पाणी सरकलेल्या जागी वरून वाळलेला आणि आतून मऊ गाळ. मोठा माणूस घोट्यापर्यंत रुतला तर हसायला होतं, मूल रुतलं तर नाही. गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आणि वारं. मैलोन्‌मैल सपाट पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला आडकाठीच नसते. मे 2024 मध्ये उजनीतच कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. ते वळवाचं वारं होतं, डिसेंबरात तसं नसतं. तरी होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, मुलं कितीही कुरकुरली तरी. रोहित पक्षी बघायचे असतील तर पहाटे गाडी काढा, दोन तास काठावर घालवा, ऊन चढायच्या आत परत या. पक्षी बघायला काठावर झोपावं लागत नाही, आणि तुमचा तंबू तिथं नसला तर पक्षीही जवळ येतात.

उसाच्या फडालगतही नको. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं तीन जणांचा जीव घेतला होता. बिबट्या प्रत्येक फडात नसतो, रानडुक्कर मात्र बऱ्याच फडांत असतं. तोड चालू असेल तर आतलं सगळं जनावर बाहेर पडतं. फडापासून चांगलं लांब, मधे मोकळं रान असेल अशी जागा धरा. नान्नजचा माळ मुलांना दाखवायला जरूर न्या, काळवीट दिसतात आणि नशीब असेल तर लांडगाही. पण 1979 पासून ते माळढोकचं अभयारण्य आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीनं दिवसा फिरायचं, मुक्काम दुसरीकडं.

जमीन कुठली, यावर मिस्टरांचा शब्द शेवटचा माना. काळं रान दिसायला छान. पण ओलं असेल तर मेख धरत नाही आणि चपलेला शेर-शेर माती चिकटते. वाळलं की भेगा पडतात, आणि भेगांत कोण राहतं ते सांगायला नको. मुरमाड माळ उत्तम, पाणी साचत नाही. फक्त तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या मेखा मुरमात वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून वीतभर लांबीच्या लोखंडी मेखा आणि एक हातोडी घ्या. जिथं मेख शिरतच नाही तिथं दोर मोठ्या धोंड्याला बांधा. आणि मेख ठोकायच्या आधी मालकाला विचारा, "खालून पाइपलाइन गेलीय का?" ठिबकच्या नळीत मेख गेली तर पुढच्या वर्षी हुरड्याला कुणी बोलावणार नाही.

काढणी झालेलं रान मोकळं म्हणून मोहात पाडतं. तिथं ज्वारीची धसकटं आणि तुरीची खुंटं असतात, ती तंबूच्या तळातून थेट गादीत येतात. बाभळीखाली काटे. वाळलेला काटा कापडातून असा जातो की सकाळी हवेची गादी चपटी झाल्यावरच कळतं. खळ्याची जुनी जागा, चोपून सपाट झालेली, मिळाली तर डोळे झाकून घ्या. बांधाला चिकटून नको. बांधात उंदरांची बिळं असतात, आणि उंदरांच्या मागं साप येतो. कडब्याची गंजही तशीच, शिवाय तिला ठिणगीचं भय. झाड निवडताना आधी मान वर करून बघा. वाळकी फांदी किंवा मोहोळ दिसलं की दुसरं झाड. आग्या मोहोळाखाली शेकोटीचा धूर केला तर पळायला जागा पुरणार नाही.

एक बारीक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. झाड तंबूच्या पूर्वेला असावं. थंडीतही आपल्याकडं नऊ वाजले की तंबूच्या आत भट्टी होते, आणि पूर्वेच्या सावलीनं तासभर जास्त झोप मिळते. रात्री खोलगट जागेत गारठा साचतो, म्हणून थोडी उंच जागा बघा. आणि थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेऊ नका, चौघांच्या श्वासाची वाफ कापडाला लागून पहाटे अंगावर थेंब पडतात.

सापाचं आता सरळ सांगते, कारण सासूबाईंच्या मनात तेच असणार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश दुखतही नाही. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू हे त्यावरचं चांगलं संरक्षण आहे, उघड्यावर टाकलेल्या सतरंजीपेक्षा कितीतरी पटीनं. अट एकच, चेन एक बोटही उघडी ठेवायची नाही. चपला, बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. रात्री बाहेर पडताना बॅटरी पायापुढं. खाण्याचे डबे गाडीत, तंबूत नाहीत. त्यानं मुंग्या, उंदीर आणि वस्तीवरची कुत्री तिघंही लांब राहतात. तरीही दंश झालाच किंवा नुसता संशय आला, तर चिरणं नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही. माणसाला हलू न देता 108 ला फोन, किंवा गाडीनं थेट सरकारी दवाखाना. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे हे निघायच्या आधी बघून ठेवा, आणि तंबूच्या जागी मोबाइलला रेंज आहे की नाही हे दुपारीच तपासा. रेंज नसेल तर जागा बदला. हा एक मुद्दा मी कुठल्याही देखाव्यासाठी सोडणार नाही.

कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नका. विझत आलेली असली तरी नाही. बंद जागेत कोळशाचा वायू झोपेतच माणूस मारतो आणि त्याला वासही नसतो. थंडीला जास्तीची गोधडी, नाहीतर आपली सोलापुरी चादर घ्या, एक खाली, एक वर. हुरड्याच्या आगटीजवळ नायलॉनचा तंबू नको, एका ठिणगीनं भोक पडतं.

संडासाचं पत्रात तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंय. बायका बहुतेक उरकतातच. पण तुमची मुलगी नववीत आहे. तिची पाळी त्या दोन दिवसांत आली तर काय, हे तिच्या मनात आहे आणि ती विचारणार नाही. तिला आधीच सांगा, की वस्तीवरचा संडास रात्रीही उघडा असेल आणि तू उठवलंस तर मी सोबत येईन. निर्मनुष्य जागेत हे आश्वासन देता येत नाही. उजनीकाठची जागा बाद करायला मला एवढं एकच कारण पुरलं असतं.

घरच्यांना पटवायचं म्हणता, तर पटवू नका, कामं वाटून द्या. सासऱ्यांना विचारा, आपल्या रानात रात्री वारं कुठल्या अंगानं येतं, साप कुठल्या बांधाला दिसायचा. ते अर्धा तास बोलतील, आणि त्यानंतर बेत त्यांचाही झालेला असेल. मुलांना तंबू गच्चीवर लावायला सांगा, मोठ्यांनी हात न लावता. नवीन तंबूच्या काठ्या अंधारात पहिल्यांदा जोडायची पाळी येऊ नये. एक रात्र गच्चीवर झोपूनही बघा. चौघांचा म्हणून विकलेल्या तंबूत चार माणसं झोपतात खरी, पण कूस बदलायला जागा उरत नाही. पोरगा लाथा मारत असेल तर तेही तिथंच कळेल. जाताना मालकाबरोबरच गावच्या पोलीस पाटलांनाही एक फोन करा, नाव आणि गाडीचा नंबर सांगा. नणंदेचं गाव असेल तर हे मिस्टर दोन मिनिटांत करतील. आणि मध्यरात्री कुणाला घरात जाऊन झोपावंसं वाटलं, तर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्यावरून चिडवायचं नाही, हे आधीच ठरवा. चौथीतल्या मुलासाठी नाही, मिस्टरांसाठी म्हणतेय.

राहिली सासूबाईंची अमावास्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, वेळ अमावास्येला, आपल्याकडं आख्खं घर रानात जातं, कडब्याची कोप (खोपी) करून पूजा होते, अंबील, भज्जी, उंडे खाऊन लोक दिवस रानातच घालवतात. हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळं अमावास्या आणि रान यांचं वाकडं आहे असं त्या म्हणणार नाहीत. त्यांना भीती अंधाराची असणार, आणि पहिल्या खेपेला ती रास्त आहे. अमावास्येला तारे सुंदर दिसतात, पण दोर पायात अडकून पडायलाही तीच रात्र बरी. पहिल्यांदा जाताय तर भिंतीवरच्या कालनिर्णयात बघा आणि शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा यांमधल्या दोन रात्री धरा. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो, तोवर मुलं झोपलेली असतात, आणि पुढं हवे तेवढे तारे. यंदाच्या सुट्टीत त्या तिथी येत नसतील तर जानेवारीतला शनिवार-रविवार बघा, हुरडा तेव्हा जास्त गोड असतो. आणि वेळ अमावास्येला नणंदेच्या रानात जाणं होणारच असेल, तर तंबू बरोबर नेऊ नका. त्या दिवशी जेवून, रान फिरून, लिंबाखालची जागा तेवढी डोळ्यांखालून घालून या.